रजनीताईंच्या लॅपटॉपवरचा कंपायलर

"म्हणजे कुणालाच काही विचारलं नाहीस?"

"नाही सर. मूळ कोड उतरवून घेतला आणि कंपायलर स्वतः बिल्ड केला. सोबतच्या सगळ्या टूल्ससकट. तीन दिवस लागले."

धामणस्कर सरांनी नुसती मान हलवली. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देतो तो कंपायलर. सरांच्या वर्गात पहिला धडा तो बसवण्याचाच असे. निवृत्तीनंतर कुडाळात त्यांनी चालवलेला हा फुकटचा वर्ग आता कुणाच्या तरी हाती सोपवायचा होता, आणि निनाद खोताला तो हवाच होता. पोरगा हुशार, यात वाद नाही. अडचण एवढीच की ते त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

"मग सोमवारपासून वर्ग मी घेऊ, सर?"

"आधी रजनीताईंना कंपायलर बसवून दे."

शाळेतून निवृत्त झालेल्या रजनीताई वर्गात सगळ्यांत नव्या. त्यांनी लॅपटॉप पुढे सरकवला.

"हे काय ताई, पाच मिनिटांचं काम!"

निनादने आपलं तयार फोल्डर पेन ड्राइव्हवरून तिथे टाकलं आणि ऐटीत एंटर मारला.

लाल ओळ आली. निनादच्या युजर खात्यातलं फोल्डर सापडत नाही, म्हणे.

पुन्हा मारला. पुन्हा तेच...

रजनीताईंनी चष्मा सावरला. "अरे, लॅपटॉप माझा. हा तुला कशाला शोधतोय?"

"ते... बिल्ड करताना सगळीकडे मी माझ्याच फोल्डरचा पत्ता दिला होता. माझ्या मशीनवर मस्त चालतो, सर!"

"चालणारच."

निनाद हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याने ताईंच्या लॅपटॉपवर निनाद नावाचं नवं खातं उघडलं, फोल्डर त्यात ठेवलं, आणि काय सांगावं, कंपायलर चालला की! पडद्यावरचं स्वतःचं नाव बघून गड्याची छाती वीतभर फुगली.

"बघा सर!"

"वर्गात बावीस मशीन आहेत," सर म्हणाले.

"बावीसच्या बावीस मशीनवर खातं उघडतो. दुपारपर्यंत सगळीकडे निनाद!"

सरांनी लॅपटॉप रजनीताईंपुढे परत सरकवला.

"मग शिकायला कोण बसणार?"