गडग्यावरची फांदी

तळकोकणातल्या एका गावात पुरुषोत्तम परब नावाचा एक गृहस्थ राहत होता. गाव त्याला पुरसो म्हणे. त्याच्या घरासारखी घरं गावात पुष्कळ होती, पण त्याच्या अंगणासारखं अंगण दुसरं नव्हतं. दारासमोर तुळस, तिच्या दोन्ही अंगांना अबोलीचे वाफे, विहिरीकडे तगर आणि जास्वंद, वाटेच्या कडेला कण्हेर, मागे माड, फणस आणि रातांबा. सगळी झाडं कवायतीला उभी केल्यासारखी. एखाद्या फांदीने रांग सोडली की पुरसोच्या कमरेचा कोयता बाहेर आलाच म्हणून समजा.

अंगणाभोवती जांभ्या दगडाचा गडगा होता. पूर्वेच्या गडग्यापलीकडे सत्यभामा गावडे राहायची. नवरा जाऊन तिला बारा वर्षं झाली होती. पुरसो तिला वहिनी म्हणायचा, म्हणजे जेव्हा बोलायचा तेव्हा. गेली नऊ वर्षं तो तिच्याशी बोललाच नव्हता.

त्याचं कारण एक भोपळा. त्या गावात अशी रीत होती की गडग्यापलीकडे जे गेलं ते पलीकडच्याचं. एका पावसाळ्यात वहिनीचा वेल गडगा चढून पुरसोच्या बाजूला उतरला आणि तिथे त्याला चांगला घागरीएवढा भोपळा धरला. पुरसोने रीतीप्रमाणे तो काढला आणि घारगे करून खाल्ले. वहिनी विहिरीवर बायकांत हसत म्हणाली की भावजींना शेजारचा भोपळा भारी गोड लागतो. तिने हे थट्टेने म्हटलं होतं. पण पुरसोच्या कानावर येईपर्यंत त्यातली थट्टा वाटेतच गळून गेली. तो संतापला. त्याने गडग्यावर आणखी तीन थर चढवले, इतके की पलीकडचं माणूस दिसेना. आणि मनाशी ठरवलं की आपल्या अंगणातलं पानसुद्धा तिकडे जाता कामा नये. माणूस शहाणा असला तरी भोपळ्यासाठी वेडा होऊ शकतो, हे आपण पाहतोच.

आता त्याच गडग्याला लागून एक सुरंगीचं झाड होतं. ते पुरसोच्या बायकोने, जानकीने लावलेलं. तिच्या माहेरच्या दारात सुरंगी होती. फाल्गुनात तिच्या कळ्या काढून आई वेण्या करायची आणि सगळ्या घरात तो वास भरून राहायचा. पुढे आईवडील गेले, घर मोडलं, जागा विकली गेली, झाड तोडलं गेलं. त्याआधी जानकीने तिथून एक रोप उपटून आणलं होतं. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. झाड घराच्या वर गेलं होतं, पण एक कळी म्हणून धरली नव्हती. दर फाल्गुनात जानकी झाडाखाली उभी राहून वर बघायची आणि आत जायची. पुरसोला ते दिसायचं. बायकोवर त्याचा जीव होता. झाडाला तो शेण घालायचा, मासळीचं पाणी घालायचा, बुंध्याशी राख टाकायचा. झाड काही फुलत नव्हतं.

एका वर्षी त्याने ठरवलं की झाडाला भीती घालायची. हीसुद्धा त्या गावची रीत. देवदिवाळीच्या दिवशी वांझ झाडापुढे घरच्या माणसाने कोयता उगारून उभं राहायचं आणि तीनदा विचारायचं, फुलतोस की तोडू? मग दुसऱ्या घरच्या कुणीतरी पुढे होऊन म्हणायचं, तोडू नका, मी हमी आहे. मग कोयता खाली येतो. हमी राहिलेल्या माणसाला त्या झाडाकडे कधीही येता येतं, त्याचं हवं नको पाहता येतं, आणि त्याचा शब्द घरच्या माणसाला ऐकावा लागतो. पण तीन वेळा विचारून कुणीच हमी राहिलं नाही, तर झाड खरोखर तोडावं लागतं. ज्याच्यासाठी बोलायला एक माणूस नाही, ते झाड दारात ठेवू नये, असं जुन्या लोकांचं म्हणणं.

अर्थात तशी वेळ कधी येत नसे. हमीदार आधीच सांगून ठेवलेला असे. बहुतेक घरांत हे काम गावचा गुरव करायचा. पुरसोने मात्र गुरवाला सांगितलं नाही, आणि गुरव त्या दिवशी लेकीच्या गावी गेला होता. पुरसोला वाटलं, त्यात काय एवढं, बघायला चारजण येतीलच, त्यातला कुणीतरी बोलेल.

चारजण आले. फाटकाशी उभे राहिले. पुरसोने झाडासमोर उभं राहून कोयता उगारला आणि मोठ्याने विचारलं, "फुलतलंस की तोडू?"

कुणी बोललं नाही. फाटकाशी उभा असलेला प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. हमी राहायचं म्हणजे या अंगणात येणं-जाणं आलं, आणि या अंगणात पाय टाकला की पुरसो पायाखाली काय चिरडलं ते आधी बघतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच्या हातून मागे अबोलीचं रोप मोडलं होतं, त्याला पुरसोने आठ दिवस ऐकवलं होतं. उगीच कोण विकतचं दुखणं घेणार?

पुरसोने दुसऱ्यांदा विचारलं. आता त्याचा आवाज थोडा उतरला होता. पुन्हा कुणी बोललं नाही. जानकी ओटीवर उभी होती. घरच्या माणसाची हमी चालत नाही. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आवो, माझ्या म्हायेरचा आता ह्या इतक्याच रवला."

पुरसोला कोयता हसून खाली घेता आला असता. पण चार माणसांदेखत उगारलेला हात खाली कसा घ्यायचा? रीत मोडली म्हणून उद्या गावभर होईल. भोपळ्यावरून जो माणूस नऊ वर्षं मागे हटला नाही, तो आता कसा हटणार? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला स्वतःचीच भीती वाटली. आपण हे झाड तोडू, हे त्याला कळून चुकलं.

त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

गडग्यापलीकडून आवाज आला, "तोडू नका भावजी. मी हमी आसंय."

नऊ वर्षांनी ऐकलेला आवाज, पण पुरसोने तो लगेच ओळखला. त्याचा हात आपोआप खाली आला. जानकीने ओटीच्या खांबाला टेकून डोळे पुसले. बोलणारी दिसत नव्हती, नुसता गडगा मध्ये होता, आणि गडग्याने बोलावं तसा पुढचा आवाज आला. "पण एक आसा. माझ्याकडे येणाऱ्या फांदीक तीन वर्सां कोयतो लावूचो नाय. सुरंगी जुन्या लाकडार फुलता, कोवळ्यार नाय. आणि तुमच्याकडे फणसाची सावली. झाडाक ऊन गावता ता ह्याच बाजूक."

नऊ वर्षं दर पौषात पुरसो गडग्यापलीकडे झुकणाऱ्या फांद्या साफ करत आला होता. झाड उन्हाकडे हात काढायचं आणि हा तो हात उतरवायचा. झाडांतलं सगळं कळणाऱ्या माणसाला एवढं कळलं नव्हतं. किंवा कळलं असेल, पण भोपळा आड आला असेल.

हमीदाराचा शब्द ऐकावा लागतो. त्याने ऐकला, पण मनापासून नाही. तिकडे गेलेलं तिकडचं, म्हणजे फुलं आली तरी ती वहिनीची. झाड माझं, शेण माझं, आणि वेण्या तिच्या, असं तो जानकीला ऐकवायचा. जानकी म्हणायची की झाड फुललेलं दिसलं तरी मला पुरे.

वहिनी आठवड्यातून एकदा यायची. झाडाची साल बघायची, बुंध्याशी दोन घागरी पाणी ओतायची. पुरसो तेवढ्यापुरता मागीलदारी जायचा. जानकी तिला चहा द्यायची. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. फांदी गडगा ओलांडून पलीकडे गेली, जाड झाली, पसरली. फूल नव्हतं. गावातले लोक वहिनीला विचारायचे की तुमची हमी झाडाला कळली नाही वाटतं. ती म्हणायची, बघू.

तिसऱ्या वर्षीचा पौष आला. फांद्या उतरवायचे दिवस. पुरसोचा हात शिवशिवायला लागला. आता ती फांदी इतकी पसरली होती की फुलली असती तर सगळी फुलं पलीकडेच पडली असती. एका सकाळी वहिनी बाजाराला गेल्याचं त्याने पाहिलं. वाऱ्याने मोडली म्हणून सांगू, एवढा विचार त्याने केला, कोयता कमरेला लावला आणि तो गडग्यावर चढला.

चढला आणि तसाच थांबला. बारा वर्षांत त्याने वहिनीचं अंगण पाहिलं नव्हतं. ते लहानसं होतं, पण झाडलेलं, सारवलेलं. एका कोपऱ्यात पूर्वी अनंताचं मोठं झुडूप होतं. वहिनीचा नवरा असताना लावलेलं. श्रावणात ते पांढऱ्या फुलांनी भरायचं आणि सगळी वाडी देवासाठी तिथून फुलं न्यायची. तो अनंत आता कमरेइतका उरला होता. त्याच्या प्रत्येक फांदीचा माथा कापलेला होता. काही कापे जुने, काही ताजे. दर वर्षी कापला असणार. पुरसोने वर पाहिलं. सुरंगीची फांदी बरोबर त्या अनंताच्या डोक्यावरून गेली होती, आणि आता तिच्यावर सकाळचं ऊन अडथळ्याशिवाय पडत होतं.

झाडांची भाषा पुरसोला कुणी शिकवायला नको होती. सुरंगीला ऊन मिळावं म्हणून वहिनी आपला अनंत छाटत आली होती, हे तो समजला. तो किती वेळ गडग्यावर बसला होता कोण जाणे. जानकीने हाक मारली तेव्हा तो खाली उतरला आणि कोयता घरात खुंटीला लावून आला.

त्याच फाल्गुनात फांदीच्या जुन्या लाकडावर बारीक गाठी फुटल्या. गाठींच्या कळ्या झाल्या. पानांच्या खाली, नुसत्या लाकडाला चिकटून, मोत्यांसारख्या, बोटभर जागा मोकळी नाही. सुरंगीच्या कळ्या उमलण्याआधी सकाळीच काढाव्या लागतात. वहिनीने अंगणात जुनं लुगडं अंथरलं आणि जानकीला हाक मारली. पुरसो शिडी घेऊन मागोमाग गेला. नऊ आणि तीन, बारा वर्षांनी तो त्या अंगणात पाय टाकत होता. त्याने कळ्या काढल्या, वहिनीने वेणी केली आणि जानकीच्या केसांत माळली. जानकीला रडू आवरेना. तिच्या आईच्या घरातला वास होता तो.

पुरसो अवघडून म्हणाला की रीतीप्रमाणे ही फुलं वहिनीची, तिने आधी माळायला हवी होती. वहिनी हसली. "माका खयची वेणी, भावजी? ह्यांका जाऊन पंधरा वर्सां झाली."

त्या वाडीत नवरा गेलेली बाई फूल माळत नसे. पुरसोला हे ठाऊक नव्हतं असं नाही, तो विसरला होता. जिच्या केसांत एकही फूल जाणार नव्हतं, तिला फूल मिळू नये म्हणून तो नऊ वर्षं आपल्या बायकोची वेणी तोडत आला होता. त्याने मान खाली घातली. जानकीने आपल्या वेणीतला एक पदर काढून वहिनीच्या ओंजळीत ठेवला. वहिनीने तो नाकाशी धरला.

त्यानंतरच्या देवदिवाळीला वहिनी कोयता घेऊन आपल्या खुरटलेल्या अनंतासमोर उभी राहिली. श्रावणात त्याला एकही फूल आलं नव्हतं. फाटकाशी बरीच माणसं जमली होती. तिने पहिल्यांदा विचारलं आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत गडग्यावरून आवाज आला. पुरसो वर बसला होता. गडग्याचे वरचे तीन थर त्याने आदल्याच दिवशी उतरवले होते.

"तोडू नका वयनी. मी हमी आसंय. अनंताक आता कोयतो लावूचो नाय. सुरंगीक ऊन व्हया, तर माझ्या फणसाची फांदी मी उतरवतंय."

असं म्हणून त्याने कमरेचा कोयता काढला आणि तो आपल्या फणसावर चढला.

तात्पर्य: शेजाऱ्याला मिळू नये म्हणून जो फांदी तोडतो, तो आधी आपल्याच घरचा बहर तोडतो.