म्हाताऱ्या मालकांचं टेबल

ऑस्ट्रियातल्या त्या डोंगरगावात भर दुपारी बर्फानं अंधारून आलं होतं. उघडं हॉटेल एकच, आणि शाल्मलीची दोन्ही पोरं सकाळपासून उपाशी. तिनं दार ढकललं, तर उंचापुरा मॅनेजर आडवा आला.

“लहान मुलांना इथं प्रवेश नाही. आमच्या मूळ मालकांना ती खपत नाहीत.”

“कुठं आहेत ते?”

त्यानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं रिकामी खुर्ची, पेटलेली मेणबत्ती आणि वाफाळतं सूप. “वारले त्याला शंभर वर्षं झाली. रोज वाढतो, पण चमचा एकदाही हललेला नाही.”

शाल्मलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती माघारी वळणारच होती, इतक्यात धाकटा भुकेनं रडू लागला. तशी ती मॅनेजरकडे वळली.

“आमच्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही, तर मेलेल्याची काही इच्छा राहिलीय असं समजतात. मग घरचे एकेक गोष्ट कबूल करत जातात. तुम्ही शंभर वर्षं मुलं बाहेर ठेवलीत, आणि शंभर वर्षं ते जेवले नाहीत. मग साहेब, ते रुसलेत कुणावर? मुलांवर, की तुमच्यावर?”

मॅनेजर कुत्सित हसला. खुर्चीकडे वळून मोठ्यानं म्हणाला, “बरं मालक, आजपासून इथं पोरं जेवतील!”

खिडक्या बंद होत्या. तरी सुपातला चमचा टिण्‌कन वाजला.

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं स्वतःच मुलांसाठी खुर्च्या ओढल्या.

“बसा, बाई,” तो कुजबुजला, “आणि त्यांना आणखी काय हवंय, तेही तुम्हीच विचारा.”