मैनाबाईंचा ठसका

फार पूर्वी, पाखरं अजून आपल्या मनाने गात होती तेव्हा, उंबरावरच्या मैनाबाईंनी पिल्लांसाठी गाण्याचा क्लास काढला. "मी पोरांना आयत्या वेळी सुचेल ते गायला शिकवते," असं त्या रानभर सांगत. शिकवताना मात्र स्वतःला सुचलेली तान पिल्लांकडून शंभरदा घोटून घेत. एकदा त्यांच्या घशात चिलट गेलं आणि ऐन तानेत ठसका लागला. पिल्लांनी तो ठसकाही पाठ केला. आईबाप म्हणाले, "वा! काय तयारी!"

पिल्लांतली एकटी ठुमी ठसक्याच्या जागी रोज वेगळंच काहीतरी गाई. बाईंनी तिला शेवटच्या फांदीवर बसवलं. "मनाला येईल ते गायचं नाही! मी शिकवलंय तसंच मनाने गायचं!"

क्लासच्या संमेलनात सगळी पिल्लं एकसाथ उत्स्फूर्त गात होती, आईबाप डोळे मिटून डोलत होते, आणि खोडावरून साप वर येत होता. तो ठुमीला दिसला. आजवर कुणी लावला नव्हता असा चिरका सूर तिने लावला. सगळ्यांचे डोळे उघडले आणि उंबर क्षणात रिकामा झाला.

शेजारच्या झाडावर धापा टाकत मैनाबाई म्हणाल्या, "फार बेसूर गायलीस, ठुमे." त्यांनी तिचं नाव क्लासातून काढून टाकलं. तिचा सूर मात्र लगेच शिकवायला घेतला.

पुढच्या संमेलनात साप पुन्हा आला. पिल्लं तोच चिरका सूर हुबेहूब गात होती, ठसक्यासकट. आईबाप डोळे मिटून डोलत होते.