चाकातला चेहरा

बाजार समितीचे सभापती तात्यासाहेब यांना नव्या गाडीच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या चाकांत आपला चेहरा बघायची भारी हौस. चाकांवर पारदर्शक लॅकरचा थर होता; ओल्या फडक्यानं पुसली की आरसाच! पण दसऱ्याला गाडीची पूजा, म्हणून त्यांनी हुकूम सोडला, "देवघरातल्या समईसारखी चिंच-राखेनं घास!"

"थर निघंल, साहेब," ड्रायव्हर रंगनाथनं हात जोडले. ऐकतंय कोण? थर निघाला आणि चाकं मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखी पांढुरकी पडली.

तात्यासाहेब गरजले, "पूजेआधी चाकांत माझा चेहरा दिसला पाहिजे. नाहीतर माझ्या आवारातली तुझी खोली खाली कर!"

रंगनाथनं हात सोलेस्तोवर घासलं. गेलेला थर कुठून येणार? शेवटी तो बायकोला म्हणाला, "बोचकं बांध."

पूजेला गाव जमलं. चाकांखाली लिंबं होती आणि चारही चाकांवर निवडणुकीच्या पोस्टरवरून कापलेले तात्यासाहेब हसत होते.

"हे काय रे?"

"चेहरा दिसतोय की, साहेब. आता काढू गाडी?"

फाटकाबाहेर घोटाभर चिखल होता. तात्यासाहेबांनी चिखलाकडे पाहिलं, चाकांवरच्या आपल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि गाडी काढू नको म्हणून हात केला. लिंबं तशीच राहिली.

त्या चिखलातून बोचकं आणि बायकोपोरांना घेऊन रंगनाथ तेवढा चालत गेला.