धामणटेकची भिजकी हलगी

धामणटेकच्या मैदानात हलगी का भिजवतात, ही गोष्ट माझ्याइतकी खरी साऱ्या पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नाही. होते, तिघं होते. तिघंही माझ्या सांगण्यात चुका काढायचे. ते एकेक करून गेले, तेव्हापासून माझी गोष्ट बिनचूक झाली.

सिद्धोबाच्या जत्रेला चैत्रात तुम्ही आलात तर दिसेल. दिवसभर कुस्त्या चालतात. लहान जोड, मोठी जोड, कुणी चीतपट, कुणी बरोबरीत. प्रत्येक पैलवान आखाड्याकडं निघाला की हलगी कडाडते आणि तो तिच्यावर उड्या मारत, शड्डू ठोकत आत शिरतो. हे सगळीकडंच आहे, त्यात आमचं काही नाही. पण शेवटच्या कुस्तीला आमच्या गावचा पैलवान उठला की हलगी एकदम थांबते. माणसं आखाड्याभोवतीच्या रस्सीपासून बाजूला होतात. एक बाई तांब्या घेऊन येते आणि पाचटाच्या जाळावर तापवून टणक केलेल्या त्या हलगीवर पाणी ओतते. मग ती हलगी ढब, ढब, ढब अशी वाजते आणि आमचा गडी त्या आवाजावर चालत येतो. अगदी हळू, जणू कुठं जायचंच नाही.

परवाच्या जत्रेला पुण्याकडचे एक नवरा-बायको आले होते. बाईंनी मला विचारलं, "आजोबा, हे वरुणदेवाचं काही आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, हलगीला ताप चढतो, म्हणून पाण्याची पट्टी ठेवतो आम्ही." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. नंतर माझंच मन खायला लागलं. खोटं बोललो म्हणून नव्हे, खरी गोष्ट त्याहून चांगली होती म्हणून. मग दोघांना पारावर बसवलं आणि सांगितली. तीच ही.

असं सांगतात की मिरजेला रेल्वे अजून यायची होती, तेव्हा धामणटेकला भैरू नावाचा हलगीवाला होता. त्याच्या हलगीचा कडाका नदीपल्याड बोरजाईत ऐकू जायचा. हलगी त्याच्या आज्याच्या हातची, लाकडी कड्यावर करडाचं कातडं ताणलेली. तो तिला दवसुद्धा लागू देत नसे. घर गळायला लागलं तर आधी हलगी उचलायचा आणि मग बायकोला हाक मारायचा, असं म्हणे त्याची बायको गजरा सगळ्यांना सांगत फिरायची. भैरू आखाड्याच्या तोंडाशी उभा राहून वाजवायला लागला की म्हाताऱ्यांचे गुडघे हलायचे. एकदा त्यानं वाजवायला सुरुवात केली आणि पालखीचे भोई देव घेऊनच नाचत ओढ्यात उतरले, असंही सांगतात. हे मी जोडलेलं नाही. जोडलेलं पुढं आहे.

आणि त्याच काळात गावात दौलू नावाचा पैलवान होता. मोठं धूड. खांदे दारातून आडवे न्यावे लागत. स्वभाव मात्र असा की चार माणसांत त्याला "पाणी द्या" म्हणता यायचं नाही, तहानेनं बसून राहायचा. बोलायचं काय ते तो तालमीत बोलायचा, अंगानं. चौदा वर्षं त्यानं माती अंगाला लावली होती. वस्ताद म्हणायचे, ह्याच्या हातात एकदा माणूस सापडला की सुटायचा नाही. तालमीत तो कुणालाच हरला नव्हता. मैदानात मात्र दोन वर्षं लागोपाठ पडला, आणि दोन्ही वेळा बोरजाईच्या शिदबाकडून.

शिदबा अंगानं दौलूच्या अर्धा. पण नुसता विस्तव. आखाड्यात यायचा तो जमिनीला पाय न लावता. त्याच्यासमोर उभा राही तोवरच दौलूला धाप लागलेली असे. हात जुळले, चार श्वास गेले, की शिदबा पायात शिरायचा आणि एवढा मोठा गडी आभाळाकडं बघत पडलेला असायचा.

दुसऱ्या वर्षी पडला तेव्हा दौलू अंगाची माती न झाडता थेट मारुतीच्या देवळात गेला. तिथं तो बोलला. चार माणसांनी ऐकलं. म्हणाला, "पुढच्या सालीबी पडलो तर लंगोट हितं ठिवून जाईन. पुन्हा तालमीची पायरी चढायचो न्हाई." माणूस उभ्या जन्मात एवढं लांब वाक्य पहिल्यांदा बोलला, त्यामुळं ते कुणी हसण्यावारी नेलं नाही. वस्तादांनी तर डोळ्यांना पंचा लावला. तालीम सोडून दौलूला दुसरी जागाच नव्हती. तिथून उठला असता तर उरलेला जन्म तो गावात पाहुण्यासारखा राहिला असता.

मग गाव कामाला लागलं. गाव कामाला लागलं की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. जोशीबुवांनी पत्रिका मांडली आणि शनीवर ढकललं. पाटलांनी दृष्ट काढवली. आमच्या घराण्यानं खुराकासाठी पायलीभर बदाम दिले, असं सांगतात. त्यातले निम्मे आमच्याच घरात संपले, असंही सांगतात. वस्तादांनी नवे डाव शिकवले, ते दौलू एका दिवसात शिकला, कारण त्याचं डावांवाचून अडलेलंच नव्हतं. भैरू म्हणाला, "औंदा अशी हलगी वाजवतो की दौलू आखाड्यात उडतच गेला पायजे."

जत्रेला आठ दिवस असताना गजरा नदीवर धुणं धुवायला गेली होती. समोरून दौलू आपल्या म्हशी पाण्यावरून परत घेऊन येत होता. पुढं म्हशी आणि मागं तो. गजरा हातातलं लुगडं तसंच ठेवून बघत राहिली. म्हशी ज्या चालीनं चालत होत्या, तीच चाल दौलूची होती. पाय पडला की पुरता पडायचा. मगच दुसरा निघायचा. अंगात कुठं घाई नाही, मान हलत नाही, श्वास भात्यासारखा संथ. ती एवढी वर्षं त्याला ओळखत होती, पण तो असा चालतो हे तिनं त्या दिवशी पाहिलं. मैदानात तिनं त्याला पाहिलं नव्हतं, कारण बायका तेव्हा रस्सीजवळ जात नसत. पण आवाज तर घरापर्यंत यायचाच.

घरी येऊन तिनं नवऱ्याला विचारलं, "अवो, दौलूदाजी आखाड्यात कसं जात्यात?"

"उड्या मारत. माझ्या हलगीवर कोण चालत जाईल?"

"आणि शिदबा?"

"त्योबी उड्या मारतच. लई झ्याक मारतो, बोरजाईचा असला तरी."

गजरा म्हणाली, "मग दोन सालं तुम्ही शिदबासाठीच वाजवताय."

भैरू त्या दिवशी जेवला नाही, म्हणे. एकदा रागानं, आणि नंतर राग उतरला म्हणून. माणसाचं खोटं निघालं तर तो भांडतो. खरं निघालं तर त्याला भूक लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं हलगी तापवली आणि गावाबाहेर जाऊन संथ चाल वाजवून पाहिली. जमेना. तापलेली हलगी हळू वाजवली की प्रत्येक ठोका कानफटात मारल्यासारखा येई. दोन ठोक्यांमध्ये जागा सोडली तर ती जागाच लवकर वाजव म्हणून मागं लागे. चार दिवस त्यानं खटपट केली. पाचव्या दिवशी बायकोला म्हणाला, "हिला दम धरता येत न्हाई, गजरे. ही माझ्यासारखी हाय." आणि तो विषय तिथं संपला.

जत्रेचा दिवस आला. शेवटची कुस्ती पुकारली. पाहुणा म्हणून शिदबा आधी निघाला. भैरूनं रिवाजाप्रमाणं हलगी कडाडवली आणि शिदबा असा आत आला की धामणटेकच्या माणसांनीसुद्धा पागोटी उडवली. आखाड्याला दोन फेऱ्या मारून, माती कपाळाला लावून तो नाचत उभा राहिला.

मग दौलू उठला. मारुतीला नमस्कार करून तो रस्सीच्या तोंडाशी आला. हलगी चालूच होती. सारं गाव ओरडत होतं, "उड, दौलू, उड!" भैरू त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं दौलूच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघितलं. मोठा पाय उचलला गेला होता आणि उडायचं म्हणून थरथरत होता. गेल्या दोन्ही वर्षी हा पाय असाच थरथरला असणार, आणि वाजवायच्या नादात आपण तो पाहिला नाही, हे भैरूला तेव्हा कळलं. त्याचे हात थांबले.

गजरा नवऱ्यासाठी प्यायच्या पाण्याचा तांब्या घेऊन गर्दीच्या मागं उभी होती. हलगी का थांबली म्हणून ती माणसं सारत पुढं आली आणि रस्सीच्या आत गेली. कुणाला अडवायचं सुचलं नाही. तिनं तांब्या पुढं केला. भैरूनं तो घेतला नाही. त्यानं हलगी आडवी धरली.

"ह्याच्यावर वत."

"फुटंल की."

"वत म्हंतो न्हवं!"

तिनं ओतलं. चर्र झालं, वाफ निघाली, करडाचं कातडं एका क्षणात ढिलं पडलं. आज्याच्या हातची, दवाला न दाखवलेली हलगी. भैरूनं काठी उचलली आणि ठोका मारला. ढब.

मैदान हसलं, म्हणे. पार बोरजाईच्या बाजूपासून आमच्या बाजूपर्यंत हसलं. कुणी ओरडलं, "भैरवा, हलगी वाजवतोस का गोधडी धोपटतोस?" ज्याच्या ठोक्यावर देव ओढ्यात उतरला, तो माणूस सात गावांसमोर मान खाली घालून गोधडी धोपटत राहिला. ढब. ढब. दोन ठोक्यांच्या मध्ये एवढी जागा की हसणाऱ्यानं हसून घ्यावं.

दौलूचा वर उचललेला पाय खाली आला, पुरता. मग दुसरा निघाला. एका ठोक्याला एक पाऊल टाकत तो आत यायला लागला. किती वेळ लागला यावर वाद आहे. कुणी म्हणतं, तेवढ्यात दोन म्हशींची धार काढून झाली असती. असं म्हणणाऱ्यानं कधी म्हैस पिळलेली नाही. पण वेळ लागला हे खरं. निम्म्या वाटेवर तो आला तेव्हा हसू संपलेलं होतं. तो आवाज कानाला लहान, पण बसलेल्या माणसांना तो बुडाखालच्या जमिनीतून लागत होता. दौलूची छाती शांत होती. मैदानात त्याची छाती शांत असलेली लोक पहिल्यांदा बघत होते.

आणि तिकडं शिदबा नाचत होता. त्याला दुसरं येतच नव्हतं. ढबवर उडी मारावी तर पुढचा ठोका येईपर्यंत खाली यावं लागे आणि नुसतं उभं राहावं लागे. तो थांबला, पुन्हा नाचला, पुन्हा थांबला. अंगावरचा घाम गार झाला. दौलू समोर येऊन उभा राहिला तेव्हा धाप कुणाला लागली होती, ते सांगायला नको.

हात जुळले. शिदबा सवयीनं पायात शिरला, पण दौलूचा पाय जमिनीत रोवल्यागत जागेवर होता. दौलूनं वरून त्याला कवेत घेतलं, सरपणाची मोळी बांधावी तसं हातपाय एकत्र आवळले आणि घाई न करता फिरवून पाठीवर ठेवला. आपटला नाही. ठेवला. पंचांनी हात वर केला. पहिला ओरडला तो शिदबाच, असं सांगतात. पडल्यापडल्या म्हणाला, "आरं, हा माणूस दोन सालं कुठं हुता?"

दौलू त्यानंतर बावीस वर्षं कुस्ती खेळला. भैरूची हलगी मात्र दुसऱ्या दिवशी उन्हात तडकली, कड्यापासून कड्यापर्यंत. त्यानं नवी मढवली, ती चांगली वाजायची. पण पल्याड ऐकू जात नसे. पुढं त्यानं एक नेम केला. नव्या पैलवानासाठी वाजवायचं तर आधी त्याला चालताना बघायचं. पैलवानानं देवळापासून विहिरीपर्यंत तोंड मिटून चालायचं आणि भैरूनं दारात बसून पाय ऐकायचे. मग त्या गड्याची चाल बसवायची. कुणाची तापल्या हलगीची, कुणाची कोमट.

आजही जत्रेच्या आधी आमच्याकडचे पैलवान त्या वाटेनं गपचूप चालतात आणि भैरूच्या घरातला माणूस दारात बसतो. आजही शेवटच्या कुस्तीला त्याच घरची बाई रस्सीच्या आत येऊन हलगीवर पाणी ओतते. हल्ली कोंडाबाई ओतते. तिचा म्हादू ट्रक चालवतो, तो जत्रेपुरता येऊन वाजवतो. दर वर्षी एक कातडं वाया जातं, पण त्यावर आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही.

हे सगळं मी पुण्याच्या त्या दोघांना सांगत होतो, तेव्हा कोंडाबाई रिकामा तांब्या घेऊन पाराच्या कडेला टेकली होती. गोष्ट संपली तशी बाईंनी डोळे पुसले. मला जरा चेव आला. मी मोठ्यानं म्हटलं, "बघा, एवढी गोष्ट जपली मी ह्यांच्या घराची. तरुणपणी मीसुद्धा लंगोट लावला होता, नारळाच्या इनामावरच्या दोन कुस्त्या मारल्यात. पण ह्यांच्या घरानं आजपर्यंत माझ्यावर एक चाल बसवली नाही. का ग कोंडे, माझी कशी वाजवाल?"

कोंडाबाईनं तांब्या पालथा घालून झटकला आणि म्हणाली, "तात्या, आमच्या घरातली तिसरी पिढी तुमच्यापायी दारात बसून हाय. तुम्ही एकदा देवळापासनं विहिरीपातूर तोंड मिटून चाला तर खरं."