टिंगीची गरम मूठ

एक होता डोंगर. पांढरा पांढरा, जसा साखरेचा ढीग. डोंगराच्या पायथ्याशी राहायची एक उंदरीण. एवढीशी! तिचं नाव टिंगी.

टिंगीचा धाकटा भाऊ गुंड्या. तो एकदा खूप आजारी पडला. टिंगीने हात जोडले. म्हणाली, "देवीआई, माझ्या गुंड्याला बरं कर. सात शुक्रवार तुझ्या देवळात दिवा लावीन."

गुंड्या बरा झाला. घरभर धावायला लागला! टिंगीने सहा शुक्रवार केले. सहा दिवे लावले. आज सातवा. शेवटचा!

देऊळ कुठे? डोंगराच्या टोकावर. जायचं कसं? याकदादाच्या बर्फगाडीने. घुर्रर्र घुर्रर्र! पुढे याकदादा, मागे टिंगी. मागच्या सीटला एक मूठ. बटण दाबलं, टिक! की मूठ गरम गरम. मूठ गरम, की बोटं गरम. बोटं गरम, की पकड घट्ट.

टिंगीने बोचकं बांधलं. वात घेतली. तूप घेतलं. काडेपेटी घेतली. नैवेद्याला गूळ घेतला. तुरुतुरु तुरुतुरु, गाडीपाशी आली. टुणकन बसली. मूठ धरली. बटण दाबलं.

टिक! काही नाही.

टिक टिक! काही नाही.

मूठ गारगार! आणि कट्ट! तुकडाच हातात आला.

"अगं बाई! दादा, मूठ मोडली!"

याकदादाने वळून पाहिलं. "त्या रेडकाचं काम! सकाळी मागे बसलं होतं. ऊस समजून चघळली असणार मूठ!"

"असू दे दादा. मी तशीच बसते. चल ना!"

"छे छे! गार मूठ, गार बोटं. वळण आलं, की पकड सुटेल. धुप्प! बर्फात पडशील. आणि एवढीशी तू, मला सापडशील का? आधी मूठ बसव, मग गाडी जाईल."

"आणि तोवर सूर्य मावळला तर?"

"तर आजचा दिवा राहील, पोरी."

"नाही राहायचा!" टिंगी म्हणाली. "मी देवीला बोललेय!"

आणि निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

माकडमिस्त्री दुकानात बसला होता. हात काखेत, दात कडकड.

"मिस्त्रीदादा मिस्त्रीदादा, मूठ बसव!
मूठ बसली की गाडी जाईल,
गाडी गेली की दिवा लागेल!"

मिस्त्री म्हणाला, "नवी मूठ आहे. स्क्रू आहेत. पण बोटं बघ माझी, लाकडं झालीत! आधी गरम चहा, मग मूठ."

टिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. कोंबडीकाकूच्या टपरीवर गेली.

"काकू काकू, चहा दे!
चहा झाला की मूठ बसेल,
मूठ बसली की गाडी जाईल,
गाडी गेली की दिवा लागेल!"

काकू म्हणाली, "पाणी उकळतंय, आलं ठेचलंय. पण दुधाचं पातेलं रिकामं गं! आधी दूध, मग चहा."

टिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. शेळीमावशीकडे गेली.

"मावशी मावशी, दूध दे!
दूध मिळालं की चहा होईल,
चहा झाला की मूठ बसेल,
मूठ बसली की गाडी जाईल,
गाडी गेली की दिवा लागेल!"

मावशी म्हणाली, "बेंऽऽ! पोट खपाटीला गेलंय माझं. उपाशीपोटी कसलं दूध? आधी गवत, मग दूध."

टिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. गवताच्या गंजीआजीकडे गेली. पण गवत दिसेना! वर बर्फच बर्फ.

"आजी आजी, गवत दे!
गवत मिळालं की दूध मिळेल,
दूध मिळालं की चहा होईल,
चहा झाला की मूठ बसेल,
मूठ बसली की गाडी जाईल,
गाडी गेली की दिवा लागेल!"

बर्फाखालून गंजीआजी म्हणाली, "देईन गं बाई! पण ही केवढी जाड गोधडी माझ्यावर! आधी ऊन, मग गवत."

टिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. उंच दगडावर चढली. हात जोडले.

"सूर्यनारायणा सूर्यनारायणा, ऊन दे!
ऊन पडलं की गवत मिळेल,
गवत मिळालं की दूध मिळेल,
दूध मिळालं की चहा होईल,
चहा झाला की मूठ बसेल,
मूठ बसली की गाडी जाईल,
गाडी गेली की दिवा लागेल!"

सूर्यनारायण म्हणाला, "मी तयारच आहे, बाळा! पण नाकावर हा ढग बसलाय. आधी ढग सरू दे, मग ऊन. आणि लवकर हं, मला मावळायचंय!"

लवकर! टिंगीने टाचा उंचावल्या. शेपटीवर उभी राहिली.

"ढगोबा ढगोबा, बाजूला सर!
ढग सरला की ऊन पडेल,
ऊन पडलं की गवत मिळेल,
गवत मिळालं की दूध मिळेल,
दूध मिळालं की चहा होईल,
चहा झाला की मूठ बसेल,
मूठ बसली की गाडी जाईल,
गाडी गेली की दिवा लागेल!"

ढगोबाने जांभई दिली. "आऽऽऽ! मला का पाय आहेत? आधी वाऱ्याची फुंकर, मग मी."

टिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु! खिंडीत गेली. तिथे वारा रुसून बसला होता.

"वारेबुवा वारेबुवा, फुंकर मार!
फुंकर आली की ढग सरेल,
ढग सरला की ऊन पडेल,
ऊन पडलं की गवत मिळेल,
गवत मिळालं की दूध मिळेल,
दूध मिळालं की चहा होईल,
चहा झाला की मूठ बसेल,
मूठ बसली की गाडी जाईल,
गाडी गेली की दिवा लागेल!"

"हुं!" वारा म्हणाला. "मी आलो की सगळे दार लावतात. धाड! खिडकी लावतात. धाड! 'या, बसा' कोणी म्हणतं का? गूळपाणी कोणी देतं का? मग मी का फुंकू? नाही फुंकत, जा!"

टिंगीला वाईट वाटलं. खरंच की! पाहुणा आला, की गूळपाणी द्यावं. वाऱ्याला कोणीच दिलं नाही!

तिने बोचकं सोडलं. आत गूळ होता. पण तो तर देवीचा!

टिंगीने गुळाकडे पाहिलं. वाऱ्याकडे पाहिलं. मग बोचक्याचं फडकं अंथरलं. फडफड फडफड, फडकं उडायला लागलं! टिंगी कोपऱ्यावर बसली, घट्ट.

"या, वारेबुवा. बसा."

वारा बघतच राहिला. मग हळूच बसला. फुस्स!

टिंगीने गूळ पुढे केला. अक्रोडाच्या टरफलात पाणी दिलं. वाऱ्याने गूळ खाल्ला. पाणी प्यायला.

"अहाहा! गोड! गोड! गोड!" वारा टाळ्या वाजवत उठला. "कुठाय तो ढग?"

वाऱ्याने मारली फुंकर. फूऽऽऽऽ!

ढग सरला. सर्रर्र!

ऊन पडलं. लखलख लखलख!

बर्फ वितळला. टप टप टप! गंजीआजीने गवत दिलं.

शेळीमावशीने गवत खाल्लं. चरचर चरचर! दूध दिलं. चुर्र चुर्र!

काकूने चहा केला. खदखद खदखद! "तूही घे गं घोटभर," काकू म्हणाली.

"नको काकू, आज माझा उपास!"

"वेडे, उपासाला चहा चालतो!"

"दिवा लावून मग पिईन!" टिंगी पळालीसुद्धा.

मिस्त्री चहा प्यायला. फुर्र फुर्र! बोटं हलली. एक, दोन, पाच, दहा! गाडीपाशी आला. मोडकी मूठ काढली. तार जोडली. नवी मूठ बसवली. स्क्रू पिळले. गर्र गर्र गर्र!

"दाब बटण!"

टिंगीने बटण दाबलं. टिक!

मूठ गार.

टिंगीने मूठ धरूनच ठेवली.

मूठ कोमट.

मूठ गरम. गरम! गरम!

"दादा, चल चल चल!"

घुर्रर्र! गाडी निघाली. पहिलं वळण, टिंगी घट्ट. दुसरं वळण, टिंगी घट्ट. बर्फ उडाला, कान उडाले, शेपूट उडाली. पण टिंगी? घट्ट! घट्ट! घट्ट!

सूर्य डोंगराला टेकला. गाडी देवळापाशी थांबली. टिंगीने टुणकन उडी मारली. वात तुपात भिजवली. काडी ओढली. फुर्रर्र!

"देवीआई, गूळ पाहुण्याला दिला हं. रागावू नकोस. हा बघ, सातवा दिवा."

आणि दिवा लागला! इवलासा, पिवळाधमक. त्याच्या उजेडात देवी हसली. अगदी आईसारखी.

टिंगीची बोटं उबदार राहिली, तशी तुमच्याआमच्या घरची सगळी चिमुकली बोटं उबदार राहोत. तिचा दिवा वेळेवर लागला, तसा घरोघरी लागो.