झिपरीची काकडं आणि सफरचंदांचं खोकं

डोंगराखाली होता बाजार. बाजारात होतं एक झाड. झाडावर राहायची एक खार. तिची शेपटी कायम विस्कटलेली, म्हणून तिचं नाव झिपरी.

झिपरीला काकडं फार आवडायची. काकड म्हणजे काकडी नव्हे हं. काकड म्हणजे डोंगरातलं फळ. गोटीएवढं, हिरवं आणि आंबटढाण.

तिचं झाडही काकडाचंच. त्यावर उरला होता शेवटचा घोस. झिपरीने तो तोडला. दातात धरला. आणि सुटला की. गडगड गडगड, थेट कोंडूशेठच्या दुकानात.

तेवढ्यात कोंडूशेठनी खोकं ठेवलं. धप्प. नेमकं काकडांवर.

खोक्यात होती परदेशी सफरचंदं. एकेकाला जाळीचं झबलं, एकेकाच्या कपाळावर टिकली. थाट काय विचारता.

झिपरी गेली, सुळुक सुळुक.

"शेठ, शेठ, खोकं उचला. खाली माझी काकडं."

शेठ म्हणाले, "काकडं कोण विचारतंय? कुणी मागितली, तर खोकं उचलेन."

दुकानात होत्या नलूताई. सफरचंद नाकाशी धरून हुंगत होत्या. त्याला वास नव्हताच. तरी हुंगत होत्या.

झिपरी गेली, सुळुक सुळुक.

"ताई, ताई, काकडं मागा.
शेठ उचलेनात,
मला काकडं मिळेनात."

ताई म्हणाल्या, "छे गं. आमच्याकडे किवी खातात. डॉक्टरांनी सांगितलं, तर मागेन."

समोरच होता दवाखाना. तिथे बसले होते डॉक्टर. लहानपणी ते झाडावर चढून काकडं खायचे. खिसे भरून न्यायचे. पण हे कुणाला सांगायचं नाही बरं का.

झिपरी गेली, सुळुक सुळुक.

"डॉक्टर, डॉक्टर, काकडं सांगा.
ताई मागेनात,
शेठ उचलेनात,
मला काकडं मिळेनात."

डॉक्टर म्हणाले, "काकड? पुस्तकात नाही. साहेबांनी लिहिलं, तर सांगेन."

साहेब बसले होते मांडवात. मांडवावर मोठी पाटी. 'आपल्या डोंगराची फळं, आपल्या डोंगराच्या भाज्या.' टेबलावर प्लास्टिकचे आंबे. आज तिथे रानभाज्यांचं जेवण होतं, आणि जेवणानंतर साहेबांचं भाषण.

झिपरी गेली, सुळुक सुळुक.

"साहेब, साहेब, काकडं लिहा.
डॉक्टर सांगेनात,
ताई मागेनात,
शेठ उचलेनात,
मला काकडं मिळेनात."

साहेब म्हणाले, "आधी काकड दाखव. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, असा नियम आहे."

"काकडं खोक्याखाली आहेत."

"मग खोकं उचल आणि घेऊन ये."

खोकं केवढं, झिपरी केवढी. झिपरीला रडूच आलं.

मांडवामागे बसली होती बुधीमावशी. डोंगरातून शेवळं घेऊन आली होती. शेवळं म्हणजे रानातली भाजी. लांब लांब कोंब, चवीला झकास. भाजी मावशीची, पण मावशीला खुर्ची नव्हती.

झिपरी गेली, सुळुक सुळुक.

"मावशी, मावशी, काय करू?
साहेब लिहीनात,
डॉक्टर सांगेनात,
ताई मागेनात,
शेठ उचलेनात,
मला काकडं मिळेनात."

मावशी म्हणाली, "रडू नको, पोरी. हितं बस. जेवणं होऊ दे."

मग ती आचाऱ्याला म्हणाली, "बाबा, शेवळांत काकडं घाल. नायतर घसा खाजतो."

आचारी होता शहरातला. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही गप्प बसा. मी पनीर घातलंय."

मावशीने टोपली आवरली. झिपरी शेजारी बसली.

साहेब जेवले. डॉक्टर जेवले. ताई जेवल्या. शेठ तर दोनदा जेवले.

साहेब भाषणाला उभे राहिले. "आपल्या डोंगराच्या भाज्या फार... खव खव खव."

डॉक्टर खव खव खव.
ताई खव खव खव.
शेठ खव खव, खव खव. दोनदा जेवले होते ना.

पाणी प्यायले, खव खव. साखर खाल्ली, खव खव. सफरचंद खाल्लं, तरी खव खव.

साहेब म्हणाले, "मावशी, खव खव, काय करू?"

मावशी म्हणाली, "शेवळांची खाज काकडानं जाते. आंबट असतं ना. आमची पोरं पण जाणतात."

साहेबांनी वही काढली. नियम गेला उडत. साहेबांनी लिहिलं, 'काकड.'

साहेबांनी लिहिलं, तसं डॉक्टरांनी सांगितलं, "काकड खा."
डॉक्टरांनी सांगितलं, तशी ताईंनी मागितली, "काकडं द्या."
ताईंनी मागितली, तसं शेठनी खोकं उचललं. हुप्प.

खाली काकडं. हिरवीगार.

सगळ्यांनी हात पुढे केले. पण झिपरीने घोस उचलला, आणि सुळुक, झाडावर.

खाली चौघं, वर झिपरी.

"झिपरी, झिपरी, काकडं दे. खव खव खव."

झिपरी म्हणाली, "मावशीने सांगितलं, तर देईन."

चौघं गेली मावशीकडे. साहेबांनी आपली खुर्ची उचलली. मावशीला दिली. मावशी बसली, ऐसपैस.

"दे गं एकेक," मावशी म्हणाली.

झिपरीने टाकली. टुप, टुप, टुप, टुप.

चौघांनी चावली. तोंडं वाकडी झाली. डोळे मिटले. आणि खव खव थांबली.

साहेब पुन्हा उभे राहिले. म्हणाले, "काकड फार गुणाचं. मी तर आधीपासून सांगत होतो."

झिपरीने वरून पाहिलं. उरलेला घोस तिचा, अख्खा तिचा. तिने एक काकड खाल्लं. कुरुम कुरुम. बी खाली टाकली.

टप्प. साहेबांच्या डोक्यावर.

तिथून उडाली, मातीत पडली.
काकड संपलं, बी उरली.
बी रुजली, गोष्ट सरली.